राहिलेले कंस

भोंगेकाकांचं आडनाव भोंगे नव्हतं. खरं आडनाव पेन्शनच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. छत्तीस वर्षं बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून जो माणूस ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ म्हणत आला, त्याला लोक भोंगा म्हणणार नाहीत तर काय बासरी म्हणणार? ‘काका’ मागाहून चिकटलं, केस पिकल्यावर.

आवाज मात्र असा, की गाडी दोन तास उशिरा येणार हे ऐकूनही माणसाला वाटावं, आपलं काहीतरी भलंच झालंय.

पण या आवाजाची सुरुवात फजितीने झाली होती. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात नियंत्रकाने खिडकीतून चिठ्ठी सरकवली. त्यावर लिहिलं होतं, ‘फलाट तीनवरील गाडी पंधरा मिनिटे उशिराने सुटेल (चालक अजून जेवतोय. दोनदा सांगणे).’ बावीस वर्षांच्या त्या पोराने आवाज खुलवून ते सगळं वाचलं. चालक अजून जेवतोय हे वाचलं, दोनदा सांगणे हेही वाचलं, आणि आज्ञाधारकपणे सगळं परत एकदा वाचलं. अख्खा स्टँड खदखदून हसला. चालक उष्ट्या हाताने खानावळीच्या दारात येऊन उभा राहिला. साहेबांनी बोलावून घेतलं आणि फार काही न ओरडता एवढंच म्हणाले, “कंसातलं आपलं, कंसाबाहेरचं लोकांचं. एवढं कळलं तर टिकशील.”

पुढे सहा महिने हमाल त्यांना पाहिलं की नमस्काराऐवजी म्हणायचे, “काय साहेब, दोनदा सांगणे!” तेव्हा कानाच्या पाळ्या जशा तापायच्या, तशा नंतर आयुष्यात कशानेच तापल्या नाहीत असं भोंगेकाका सांगायचे. कंसातलं मात्र त्यांनी पुन्हा कधी वाचलं नाही. रस्त्यातलं डबकं दिसलं की पाय जसा आपोआप लांब पडतो, तशी त्यांची नजर कंस दिसला की पलीकडे पडायची. इतकी सवय झाली की आपण काही ओलांडलं, हेही कळेनासं झालं.

निवृत्त झाल्यावर आवाज घरी आला आणि घराला तो फार मोठा पडला. “पाणी तापलेलं आहे, आंघोळीला जाणाऱ्यांनी त्वरित जावे,” असं ते न्हाणीच्या दारातून पुकारायचे. काकू आतून म्हणायच्या, “अहो, घरात दोनच प्रवासी आहेत. त्यातली एक मी. हळू बोला.”

तेवढ्यात ग्रंथालयाच्या बाईंना एक कल्पना सुचली. आपल्या वाचनालयाचे निम्मे सभासद आता येत नाहीत, कारण कुणाला दिसत नाही, कुणाला जिना चढवत नाही. पण फोन प्रत्येकाच्या उशाशी आहे. मग पुस्तकंच त्यांच्या कानाशी नेली तर? गावात डिजिटल पुस्तकं, बोलकी पुस्तकं हे शब्द आले होते, पण ते ऐकायचं कुठे आणि कसं हे साठीच्या पुढच्यांना कोण शिकवणार? बाईंनी सोपं केलं. दर शनिवारी सकाळी फोनवरच्या गटात एक ध्वनिफीत टाकायची. नाव ठेवलं ‘सुट्टीचं वाचन’. त्यात एका पुस्तकाचं प्रकरण, आणि मागोमाग आठवड्याच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या बातम्या. मजकूर बाई जमवणार. वाचणार कोण, हा प्रश्नच नव्हता.

मागच्या खोलीत, जिथे जुनी वर्तमानपत्रं गठ्ठे बांधून छतापर्यंत रचलेली होती, तिथे बाईंनी घरच्या दोन गोधड्या आणून भिंतीवर टांगल्या. आवाज घुमू नये म्हणून. टेबलावर माइक, शेजारी पाण्याचा तांब्या. शुक्रवारी दुपारी तीनला भोंगेकाका इस्त्रीचा सदरा घालून तिथे जाऊन बसायचे. ऐकणाऱ्याला सदरा कुठे दिसतोय, असं काकूंनी विचारलं तर म्हणायचे, “आवाजाला दिसतो.”

दोन वर्षांत त्यांनी चौऱ्याण्णव अंक वाचले. दूरच्या ग्रहांवरच्या वादळांबद्दल वाचलं, माणसासारखं बोलणाऱ्या यंत्रांबद्दल वाचलं, समुद्राच्या तळाशी सापडलेल्या जंतूंबद्दल वाचलं. त्यातलं कितीसं कळायचं, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. स्टँडवर तरी ज्या गावांची नावं पुकारली, ती त्यांनी कुठे पाहिली होती? शब्द नीट पोचवायचा, माणूस आपला आपण उतरतो.

एकदाच बाईंनी त्यांना अडवलं. मथळा होता ‘जरा-विज्ञानातील नवे संशोधन’. काकांनी आपलं ‘जरा पाणी दे’ म्हणावं तसं म्हटलं, ‘जरा विज्ञानातील’. बाईंना तो अंक बाहेर गेल्यावर कळलं. त्या म्हणाल्या, “काका, हा ‘जरासं’मधला ज नाही हो, ‘जन्म’मधला आहे. जरा म्हणजे म्हातारपण.” त्याच संध्याकाळी घड्याळजींनी फोन करून चिमटा काढला, “काय रे भोंग्या, जरा विज्ञान म्हणे! मला वाटलं, आज थोडक्यात आटपणार.”

काकांच्या कानाच्या पाळ्या चाळीस वर्षांनी तापल्या. दुसऱ्या शुक्रवारी बाई हेडफोन घेऊन समोर बसल्या, अंक पाठवायच्या आधी एकदा कागदाशी ताडून ऐकते म्हणाल्या. काका उठूनच उभे राहिले. “छत्तीस वर्षांत मला कुणी तपासलं नाही, बाई. तपासायचंच असेल तर दुसरा माणूस बघा.” दुसरा माणूस कुठून आणणार? बाईंनी हेडफोन खुंटीला अडकवला. त्यावर पुढे धूळ बसली.

आता घड्याळजींबद्दल सांगायला हवं. स्टँडच्या मनोऱ्यावरचं चार तोंडांचं घड्याळ ते सांभाळायचे. महिन्यातून एकदा शिडी लावून वर चढायचे आणि उतरल्यावर काचेच्या खोलीत चहाला यायचे. त्यांचं घड्याळ आणि काकांचा आवाज यावर अख्खा गाव चालतो, असा दोघांचा समज होता आणि तो अगदीच खोटाही नव्हता. घड्याळजी काकांपेक्षा सहा वर्षांनी मोठे. बायको गेलेली, मुलगी सरकारी दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर. आयुष्यभर एका डोळ्याला भिंग लावून काम केलेल्या या माणसाच्या दोन्ही डोळ्यांच्या मागच्या पडद्याला पाणी धरलं होतं. समोरचा माणूस दिसायचा, पण त्याचं तोंड पुसल्यासारखं. ‘सुट्टीचं वाचन’ ते शनिवारी दोनदा आणि रविवारी एकदा ऐकायचे.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्यात दर महिन्याला सुई घ्यावी लागेल, पण नजर टिकेल. तारीखही ठरली होती. सुई डोळ्यात, या विचारानेच घड्याळजींना घाम फुटायचा. आणि नेमका त्याच सुमारास एका शनिवारी भोंगेकाकांचा तो भरवशाचा आवाज म्हणाला, की पडद्यामागचं पाणी शोषून घेणारे थेंब एका प्रयोगशाळेत तयार झाले असून तीन महिन्यांत नजरेत स्पष्ट सुधारणा दिसून आली आहे.

थेंबांनी भागत असेल तर सुई कशाला? घड्याळजींनी मुलीला सांगितलं, डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली. आणि थेंबांची वाट पाहत ते पाच महिने बसून राहिले.

हे सगळं उघडकीला आलं ते एका शनिवारी दुपारी. काका वाचनालयात वर्तमानपत्र चाळत बसले होते. घड्याळजींची मुलगी दवाखान्याच्या पांढऱ्या कोटातच आत आली, बाईंच्या टेबलापाशी थांबली आणि तिने फोनवर ती ध्वनिफीत लावली. वाचनगृहात सात-आठ माणसं होती. सगळ्यांनी माना वर केल्या.

“...तीन महिन्यांत नजरेत स्पष्ट सुधारणा दिसून आली आहे,” काकांचा आवाज म्हणाला. मग एका श्वासाएवढी जागा गेली. “आता पुढची बातमी.”

मुलीने फोन बंद केला. “काल बाबांना ओढत नेलं डॉक्टरांकडे. डाव्या डोळ्याचं गेलं ते गेलं म्हणाले. उजवा राखता येईल, पण आता एक आठवडाही घालवू नका. मी विचारलं, ते थेंब कुठे मिळतात? डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, अहो ताई, उंदरांना मिळतात.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “बाई, तुम्हाला एवढं लिहिता आलं नाही? उंदीर एवढा एक शब्द?”

बाईंचा चेहरा उतरला. “मी लिहिलं होतं... मला वाटतं मी लिहिलं होतं.” त्यांनी संगणकावर तो जुना अंक उघडला आणि मजकुरावरून बोट फिरवलं. तिथे नव्हतं. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. “मूळ बातमीत नव्हतं, ते मी नंतर शोधून काढलं होतं. हाताने लिहिलं असेल कागदावर. का लिहायचं राहिलंच?” त्यांनी वळून विचारलं, “काका, तुमच्या कागदावर काही होतं का हो? हाताने लिहिलेलं?”

निळी शाई त्यांना आठवायला नको होती. पण आठवली. बाईंचं ते उजवीकडे झुकलेलं बारीक अक्षर, आणि दोन्ही बाजूंनी घातलेला कंस, समईच्या ज्योतीला हात आडवे धरावेत तसा.

“छापलेलं होतं ते सगळं वाचलं मी,” काका म्हणाले.

वाक्य खरं होतं. अक्षरन् अक्षर खरं होतं. इतकं खरं आणि इतकं हलकट वाक्य त्यांनी जन्मात उच्चारलं नव्हतं.

“मग माझ्याकडूनच राहिलं,” बाई म्हणाल्या. त्यांनी मुलीचा हात धरला आणि वाचनगृहातल्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, “चूक माझी आहे. मी हे बंदच करते. नाही होत आता माझ्याच्याने.” मुलीने हात सोडवून घेतला आणि ती निघून गेली. कुणीतरी काकांकडे पाहून सहानुभूतीने मान हलवली, म्हणजे बघा, तुमच्यासारख्याचा आवाज असा वाया गेला. ती मान त्यांना कानफटात मारल्यासारखी लागली.

घरी येऊन त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. स्टँडवर प्रत्येक चिठ्ठी दोऱ्यात ओवून जपायची शिस्त होती. तीच शिस्त त्यांनी इथेही पाळली होती. चौऱ्याण्णव अंक ओळीने ओवलेले. हवा तो कागद सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. शिस्तीचा राग यावा असा हा त्यांच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग.

काकू दारात उभ्या. “काय शोधताय?”

“हे वाच गं जरा. मला चष्मा...” चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

काकूंनी कागद उजेडात धरला आणि एकसुरी, शाळेत वाचावं तसं वाचलं. “‘...स्पष्ट सुधारणा दिसून आली आहे, कंसात, हे प्रयोग सध्या केवळ उंदरांवर झाले आहेत, माणसांसाठी औषध यायला किमान दहा वर्षं लागतील, तोवर कुणीही चालू उपचार थांबवू नयेत, कंस पुरा.’ मग? चांगलं लिहिलंय की बाईंनी.”

“मी ते वाचलं नाही.”

“का?”

“कंसात होतं.”

काकू बघत राहिल्या. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी ती चालकाच्या जेवणाची गोष्ट ऐकली होती, नंतर दर पाहुण्याला ऐकवली होती, प्रत्येक वेळी हसल्या होत्या. आज हसल्या नाहीत. “कंसात असलं म्हणून काय झालं? मेलं अक्षरच ना ते?” मग कागदाची घडी न करता तो त्यांच्या मांडीवर ठेवला. “आणि बाईंना काय सांगितलंत?”

काकांनी पेटीचं झाकण लावलं. काकू आत गेल्या. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा कमी येत होता. तेवढ्यावरून त्यांना कळलं, की हिला कळलं.

रविवारी सकाळी ते घड्याळजींकडे गेले. कागद सदऱ्याच्या खिशात, आणि सदरा इस्त्रीचा नव्हता. मुलीने दार उघडलं, बाजूला झाली, ‘या’ म्हणाली नाही. घड्याळजी खिडकीशी बसून एका हातघड्याळाची किल्ली अंगठ्याने फिरवत होते, मान भलतीकडे.

“कोण?”

“मी.”

“भोंग्या! अरे, ये ये. काय झालं बघ बाईंचं. हुशार बाई, पण एवढीशी चूक. मी कालच म्हटलं हिला, की आपल्या भोंग्याच्या जिवाला लागलं असणार.”

काका उभेच राहिले. रस्ताभर त्यांनी वाक्य जुळवलं होतं. तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते भलतंच. छाती भरून, स्वर लावून, प्रत्येक अक्षर सुटं.

“झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.”

खोलीत ते घुमलं. छत्तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी किती हजार वेळा म्हटलं असेल कोण जाणे. एकदाही दिलगीर न होता म्हटलं होतं. आज ते आपसूक पुढे झालं, जुन्या इमानी नोकरासारखं, धन्याची लाज झाकायला. मुलीने वळून त्यांच्याकडे असं पाहिलं, की जमीन दुभंगली असती तर त्यांनी तिचे आभार मानले असते.

घड्याळजींची किल्ली थांबली. “हे कोण बोललं रे?”

“मीच.”

“नाही. हा स्टँड बोलला. तुला काय म्हणायचंय?”

मग काका बोलले. आवाज लागला नाही. मध्येच फाटला, मध्येच नुसती हवाच आली. बाईंनी लिहिलं होतं, असं म्हणाले. निळ्या शाईत लिहिलं होतं. मी ओलांडलं. माझी ती खोड आहे, नियंत्रकाच्या चिठ्ठीपासूनची. पण काल बाईंनी विचारलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं होतं, तरी मी बोललो नाही. ती खोड नव्हती. तो मी होतो.

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिने पुढे होऊन हात पुढे केला, कागद घेतला, वाचला आणि परत दिला. “पाच महिने,” ती म्हणाली. “त्यातला एक-एक शनिवार मी बाबांना हे लावून दिलं. माझ्या हाताने.”

“माफ कर म्हणायला आलायस?” घड्याळजींनी विचारलं.

“हो.”

“म्हणतो हवं तर. तुला बरं वाटेल. मला दिसणार नाही.” ते रागाने बोलले नाहीत, घड्याळातला कुठला भाग मोडलाय हे गिऱ्हाइकाला सांगावं तसं बोलले. “आणि सगळं तुझ्या अंगावर घेऊन तरी काय करशील? सुईला मी घाबरलो. तू नसतं वाचलंस तर आणखी काही बहाणा शोधला असता. पोरीशी खोटं मी बोललो.” थोडं थांबून त्यांनी पुन्हा किल्ली फिरवायला घेतली. “पण मला एक सांग. एकच कंस होता का रे?”

“म्हणजे?”

“दोन वर्षं ऐकतोय तुला. इतक्या बातम्या, इतकी पुस्तकं. कंस एकटाच असतो होय? बाकीच्यांत काय होतं?”

काकांनी हा विचारच केला नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर पेटीतला तो दोरा आला, चौऱ्याण्णव अंकांचा. आणि कुठल्या कुठल्या उशांशी पडलेले फोन.

“मोज जा,” घड्याळजी म्हणाले. “आणि उद्या मला सुईला घेऊन जायचंय. पोरीची ड्यूटी आहे. तू ये. तिथे वाचायला काही नसतं, नुसतं बसायचं असतं.”

सोमवारी डोळ्याच्या दवाखान्यातून परतताना काका वाचनालयात गेले आणि कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी स्वतःचं अक्षर ओळखलं. ओरडतील, रडतील, याची काकांनी तयारी ठेवली होती. बाई खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांनी मोठा श्वास सोडला, ओझं उतरल्यासारखा.

“काका, माझ्या आईला विसरायचा आजार होता. माझ्याच वयात सुरू झाला. परवापासून मी घरातल्या सगळ्या वस्तूंची यादी करत बसलेय, काय काय विसरले याची. गॅस बंद केला का हे चारदा उठून बघितलं. मला वाटलं, आलं आपल्याही दारी.” त्या कागदावरून हात फिरवत राहिल्या. “मी लिहिलं होतं. लिहिलं होतं मी.”

काका टेबलाची कड धरून उभे होते. एका डोळ्याचं नुकसान त्यांना ठाऊक होतं. आपल्या एका वाक्याने दोन दिवस कुणी स्वतःच्या डोक्यावरच संशय घेत बसलं असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं. नुकसानाला दोन नावं झाली होती, आणि मोजणी अजून व्हायची होती.

“मी येणार नाही उद्यापासून,” ते म्हणाले.

“वा,” बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या स्वरात धार होती. “म्हणजे चूक तुम्ही करायची आणि निस्तरायची मी? बसा इथे. पेटी घेऊन या आधी.”

तीन आठवडे लागले. समोरासमोर बसून दोघांनी एकेक अंक काढला. कंस दिसला की बाई लाल पेन्सिलीने खूण करायच्या आणि काका तो एका वहीत उतरवायचे, तारखेसकट. कितीतरी निरुपद्रवी निघाले, कुणाचं जन्मसाल, कुठल्या यंत्राचं लांबलचक नाव. पण मध्येच एखादा यायचा आणि काकांचं पेन थांबायचं. ‘(हा केवळ अंदाज आहे)’. ‘(सांगणारे तज्ज्ञ याच कंपनीचे सल्लागार आहेत)’. ‘(मधुमेह असणाऱ्यांनी करू नये)’. पुस्तकांतही होतेच. एका कथेतल्या बाईने नवऱ्याला तीन पानांचं पत्र लिहिलं होतं, आणि खरं काय ते फक्त कंसात लिहिलं होतं. काकांनी ते पत्र इतकं गोड वाचलं होतं, की ऐकणाऱ्यांना ती बाई सुखी वाटली असणार.

“मधुमेहवाला कोण ऐकत असेल हो?” त्यांनी एकदा विचारलं.

“मी सगळ्यांना फोन करतेय,” बाई म्हणाल्या. “तुम्ही लिहा.”

मग एका शुक्रवारी तीन वाजता काका गोधड्यांच्या खोलीत बसले. बाईंनी खुंटीवरचा हेडफोन काढला, पदराने पुसला आणि समोर बसल्या. या वेळी काका उठले नाहीत. त्या दिवशी त्यांनी प्रकरण वाचलं नाही, बातम्या वाचल्या नाहीत. चूक कुणाची, ती लपवली कुणी आणि लोकांसमोर ती अंगावर घेतली कुणी, हे आधी सांगितलं. मग तारीख, बातमीचं नाव, आणि राहिलेला कंस. पुन्हा तारीख, पुन्हा कंस. बाईंनी त्यांना अकरा वेळा थांबवलं आणि अकराही वेळा ते मागे जाऊन परत वाचायला लागले. निळ्या शाईच्या कंसाशी पोचले तेव्हा घसा बसला. तो कंस पाच वेळा वाचावा लागला. पाचव्या वेळीही नीट नाही आला. बाई म्हणाल्या, राहू दे, असाच जाऊ दे.

शनिवारी सकाळी काकू स्वयंपाकघरात फोन भिंतीला टेकवून तो अंक पुरा ऐकत होत्या. काका बाहेर पायरीवर चपला घालत होते. घड्याळजींच्या दुसऱ्या सुईचा दिवस होता. उजवा डोळा जिथे होता तिथे टिकून होता. डाव्यात आता फक्त उजेड होता. मुलगी अजून दार उघडून बाजूला व्हायची आणि ‘या’ म्हणायची नाही.

“अहो,” काकू आतून म्हणाल्या. “आज आवाज काही बरा आला नाही तुमचा.”

“नाही आला,” काका म्हणाले. आणि चपलेचा बंद नीट बसलाय का, हे पुन्हा एकदा वाकून पाहत राहिले.